छात्रसैनिकाचें शील

पेण किंवा रोहें तालुक्यांतील तरुण सैन्यांत जावयास निघतो, तेव्हां त्याच्या शरीराची परीक्षा फार बारकाईनें होते. उंची मोजतात, छाती फुगवून आणि न फुगवितां मोजतात, डोळे तपासतात, तळपाय सपाट आहेत कीं काय तें पाहतात, ठराविक वेळांत १६०० मीटर धांवावयास लावतात. लेखी परीक्षेंत त्याचें गणित आणि सामान्य ज्ञान पाहिलें जातें. या चाळणींतून जो मुलगा उरतो तो बेळगांवास मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रांत रंगरूट म्हणून उभा राहतो, किंवा विद्या अधिक असली आणि दैव अनुकूल असलें तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत छात्र म्हणून दाखल होतो. हा मुलगा खोटें बोलतो कीं नाहीं, परक्याच्या वस्तूस हात लावतो कीं नाहीं, आपल्याहून दुबळ्याशीं कसा वागतो, हें मोजण्याची फूटपट्टी मात्र भरतीच्या मैदानावर कोणापाशीं नसते. अधिकाऱ्यांच्या निवडीसाठीं पांच दिवसांची मंडळाची परीक्षा असते आणि तींत स्वभावाची पारख करण्याचा प्रयत्न होतो, हें खरें. परंतु पांच दिवस तर कोणताही हुशार मुलगा चांगला वागून दाखवूं शकतो.

म्हणून शीलाचें शिक्षण प्रवेशानंतर द्यावें लागतें. तें कोणत्या शब्दांत द्यावें हा प्रश्न हिंदी सैन्यापुरता १९३२ सालींच सुटला, असें मानण्याची रीत आहे. त्या वर्षीं १० डिसेंबर रोजीं देहरादूनच्या सैनिकी प्रबोधिनीच्या उद्घाटनप्रसंगीं त्या वेळचे सरसेनापति सर फिलिप चेटवुड यांनीं छात्रांस तीन पायऱ्या सांगितल्या. देशाची सुरक्षितता, मान व कल्याण हें सदैव पहिलें. हाताखालच्या माणसांचा मान, कल्याण व सोय हें त्यानंतर. स्वतःची सोय व सुरक्षितता सर्वांत शेवटीं. समोर पहिल्या तुकडीचे ४० छात्र होते, आणि पुढें फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्यांतलेच एक. शब्द उत्तम होते, यांत शंका नाहीं. पण ते उच्चारले गेले त्या दिवशीं महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते; तेव्हां ‘तुमचा देश’ म्हणजे नेमका कोणाचा देश, हा प्रश्न त्या चाळिसांपैकीं एखाद्याच्या मनांत तरी आलाच असेल. चांगल्या वचनाचें असें असतें कीं, तें सांगणाऱ्याच्या हातांत राहत नाहीं. परसत्तेच्या सेनापतीचें वचन स्वतंत्र देशाच्या सैन्यानें स्वीकारलें, आणि तें आजही तेथील सभागृहांत कोरलेलें आहे.

भिंतीवर कोरलेलें वाक्य मुलाच्या अंगीं कसें उतरावें, हा खरा प्रश्न. पेणचे गणपतींचे कारखाने ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, साच्यांतून एकसारख्या मूर्ति कितीही काढतां येतात. डोळ्यांची आंखणी मात्र एकेका मूर्तीपुढें बसून, श्वास रोखून, कुंचल्यानें करावी लागते, आणि तें काम कारखान्यांतल्या जाणत्या हातांकडे असतें. कवाईत हा साचा आहे. पहाटेचें उठणें, बिछान्याची घडी, बुटांची चकाकी, पावलास पाऊल, यांनीं शंभर मुलें एका आकारास येतात. यांत निंदण्यासारखें कांहीं नाहीं. वेळ पाळणें हेंही शीलाचेंच अंग आहे. परंतु चकचकीत बुटांचा मनुष्य लबाड असूं शकतो, आणि सैन्यांतला लबाड हा बाजारांतल्या लबाडापेक्षां अधिक धोक्याचा, कारण त्याच्या हातांत बंदूक असते.

या बाबतींत बाहेरच्या ग्रंथांकडे वळण्यापूर्वीं कोंकणांतच लिहिल्या गेलेल्या एका पत्राकडे पाहिलें पाहिजे. राज्याभिषेकापूर्वीं, पावसाळा तोंडावर आला असतां, शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची पागा चिपळूणजवळ हलवर्ण येथें छावणीस होती. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस महाराजांनीं पत्र धाडलें. पत्र शिपायांस नसून त्यांच्यावरील माणसांस आहे, ही पहिली ध्यानांत घेण्याची गोष्ट. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यांत सत्य, नीति, धर्म, शौर्य यांवर व्याख्यान मुळींच नाहीं. विषय आहे दाणा, वैरण आणि दिव्याची वात.

महाराज सांगतात त्याचा आशय असा. पावसाळ्यासाठीं दाणा व वैरण मोठ्या कष्टानें जमविली आहे. ती आज हवी तशी उधळाल तर भर पावसांत संपेल, घोडीं उपाशीं मरतील आणि त्या मृत्यूंचा दोष तुमच्या माथीं येईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी कुणब्याचें धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकडें, कोणी भाजी. जे गरीब कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गांव सोडून जातील, कांहीं उपाशीं मरतील, आणि मोंगल मुलखांत आले त्यापेक्षां हे वाईट असें त्यांना वाटेल. म्हणून जें हवें तें पैसे देऊन बाजारांतून आणावें. त्यानंतर पत्र आगीकडे वळतें. कोणी वाऱ्याचा विचार न करतां चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, जवळच गवताची गंजी असेल. रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण एका रात्रींत जळून जाईल. मग कोणास कितीही शिक्षा केली तरी गवताची काडी मिळणार नाहीं.

शिक्षणाच्या दृष्टीनें हें पत्र असामान्य आहे. उंदरानें ओढलेल्या वातीपासून रयतेच्या मनांतल्या राज्याच्या नांवापर्यंत एक सबंध साखळी त्यांत कडी-कडीनें दाखविली आहे. ‘परपीडा करूं नये’ एवढेंच लिहिलें असतें तर जुमलेदारानें मान डोलावून पत्र घडी करून ठेवलें असतें. येथें त्याला स्वतःची छावणी दिसते, स्वतःची चूल दिसते, आणि आपल्या हलगर्जीपणामुळें कोणत्या झोंपडींतली भाकर उचलली जाणार आहे तें दिसतें. नीतिपाठ देणाऱ्या कित्येक पुस्तकांत जें साधत नाहीं तें त्या एका उंदरानें साधलें आहे.

असाच दुसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. तो सुमारें १७१५ चा. आरमारासाठीं लांकूड हवें, आणि आंबा व फणस यांचीं लांकडेंही उपयोगाचीं. तथापि त्यांस हात लावूं देऊं नये, असें तेथें बजाविलें आहे. हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यानें होणाऱ्या दुःखास पारावार नसतो. एखादें झाड जीर्णच झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये. पेण-रोह्याच्या ज्या घरापुढें एखादा जुना फणस उभा आहे, त्या घरास या आज्ञेचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. आजच्या छात्रासही प्रसंग याच जातीचे येतात. सरावाच्या मोहिमेंत गाडी उभ्या पिकांतून न्यावयाची कीं वळसा घालावयाचा; तंबूजवळच्या बागेंतला पेरू तोडावयाचा कीं मागून घ्यावयाचा; सरकारी डिझेलाचा हिशेब जुळवावयाचा कीं खरा लिहावयाचा. मोठे प्रसंग आयुष्यांत एकदां येतात, कित्येकांच्या येतही नाहींत. पेरू मात्र रोज समोर असतो.

आतां एका अवघड गांठीकडे वळावयास हवें. जगांतल्या बहुतेक सैनिकी विद्यालयांत छात्रांनीं पाळावयाचा मानाचा नियम असतो. अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील नियमाचा अर्थ असा कीं, छात्र खोटें बोलणार नाहीं, फसविणार नाहीं, चोरी करणार नाहीं, आणि जे तसें करतात त्यांस सहन करणार नाहीं. पहिल्या तीन गोष्टी कोणासही पटतात. चौथीपाशीं मुलगा अडतो. मित्राचा अपराध वरिष्ठांस सांगणें म्हणजे त्याच्या मतें चहाडी, आणि चहाडखोरास वर्गांत कोणी जवळ करीत नाहीं, हें तो पहिलीपासून शिकत आलेला असतो. वर्षानुवर्षें मुलांत राहिलेला कोणताही शिक्षक सांगेल कीं, चहाडीविषयींचा हा तिटकारा वाईट नव्हे; त्यांत निष्ठा आहे, आणि ज्या मुलाच्या ठिकाणीं तो मुळींच नाहीं तो मुलगा फारसा विश्वासाचा नसतो. म्हणून या तिटकाऱ्याची थट्टा करून चौथा नियम शिकवितां येणार नाहीं.

तो कसा शिकवावा याचें उत्तर पेणच्या खारेपाटांत सांपडण्यासारखें आहे. खाडीचें पाणी शेतांत येऊं नये म्हणून तेथें मातीचे लांब बांध असतात. खेंकड्यानें बांध पोखरला कीं आधीं पाणी झिरपतें, मग भरतीच्या जोरानें खांड पडते, आणि एकदां खारें पाणी आंत शिरलें कीं तें कोणाचें शेत कोणतें हें पाहत नाहीं. जमीन पुढें कित्येक हंगाम नापीक राहते. रात्रीं जातां-येतां दुसऱ्याच्या हद्दींतलें बीळ ज्याला दिसतें तो ओरडून गांव गोळा करतो. त्यास कोणी चहाडखोर म्हणत नाहीं. पलटणींतला खोटा अहवाल हें तसलेंच बीळ आहे. ‘पहाऱ्यावर सर्व ठीक’ असें न पाहतां लिहिणाऱ्या मित्रास जो सांभाळून घेतो, तो त्या रात्रीं झोंपलेल्या शंभर माणसांच्या उशाशीं खारें पाणी आणून सोडतो. तथापि यालाही मर्यादा पाहिजे. आधीं मित्रालाच गांठून ‘तूं स्वतः जाऊन सांग’ असें म्हणण्याची मुभा मुलास असली पाहिजे. ती नसेल तर नियमाचें रूपांतर हेरगिरींत होण्यास वेळ लागत नाहीं.

नुसत्या नियमानें काय होतें तें वेस्ट पॉइंटनेंच १९७६ सालीं पाहिलें. विद्युत्-अभियांत्रिकीचा एक पेपर छात्रांनीं आपापल्या खोलींत एकट्यानें सोडवावयाचा होता. अनेकांनीं तो मिळून सोडविल्याचें उघडकीस आलें. दीडशेंच्या आसपास छात्रांस संस्था सोडावी लागली. त्यांतील बऱ्याच जणांस पुढें परत येण्याची संधि देण्यांत आली. चौकशीच्या समितीचे अध्यक्ष फ्रँक बोरमन होते. ते त्याच संस्थेचे जुने छात्र, आणि १९६८ सालीं चंद्राभोंवतीं प्रथम फिरून आलेल्या तिघांपैकीं एक. समितीनें मुलांचा दोष झांकला नाहीं, पण नियम खालावत चालला असतां तिकडे डोळेझांक करणाऱ्या संस्थेसही त्या दोषांत वांटेकरी ठरविलें. हें सांगण्यास धैर्य लागलें असलें पाहिजे.

आपल्याकडे तर छात्र प्रबोधिनीच्या दारांत येण्यापूर्वींच पुष्कळ कांहीं पाहून आलेला असतो. शालान्त परीक्षेच्या दिवशीं केंद्राच्या खिडकीखालीं उभे असलेले नातलग, आंत जाणाऱ्या चिठ्ठ्या, पाठ फिरवून उभा राहिलेला पर्यवेक्षक हें चित्र महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. सोळाव्या वर्षापर्यंत वडीलधाऱ्यांनींच ज्याला कॉपी ही व्यवहारचातुर्याची गोष्ट म्हणून दाखविली, त्यानें सतराव्या वर्षीं गणवेष चढवितांच ती पाप मानावी, ही अपेक्षा मुलावर अन्याय करणारी आहे. सैन्यानें मुलांस सुधारावें असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं त्या खिडकीखालीं कोण उभें होतें तें एकदां आठवावें.

आज्ञापालन आणि सद्सद्विवेक यांचा झगडा हा या विषयाचा सर्वांत खोल भाग. सैनिकास पहिल्या दिवसापासून आज्ञा पाळावयास शिकवितात, आणि तें योग्यच आहे. गोळीबारांत वादविवाद चालत नाहीं. पण १९५० चा सैन्य-अधिनियम आज्ञाभंगास शिक्षा सांगतांना आज्ञा ‘कायदेशीर’ असली पाहिजे असें म्हणतो. या एका शब्दांत सगळें नीतिशास्त्र दडलेलें आहे, आणि तो शब्द छात्रास नीट समजावून न देणें हा त्याच्यावरचा मोठा अन्याय होय. १६ मार्च १९६८ रोजीं व्हिएतनाममधील माय लाय गांवांत अमेरिकन शिपाई निःशस्त्र गांवकऱ्यांस ठार मारीत असतां ह्यू थॉम्प्सन नांवाच्या चोवीस वर्षांच्या वैमानिकानें आपलें हेलिकॉप्टर शिपाई आणि गांवकरी यांच्या मध्यें उतरविलें. आपलेच शिपाई या लोकांवर गोळ्या झाडूं लागले तर त्यांच्यावर गोळ्या झाडा, असें त्यानें आपल्या सहकाऱ्यांस सांगितलें, आणि कित्येकांस तेथून सुरक्षित बाहेर काढलें. त्याचा गौरव सैन्यानें केला तो १९९८ सालीं, तीस वर्षांनंतर. मधल्या काळांत त्याला देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते. छात्रास ही गोष्ट सांगतांना तीस वर्षांचा आंकडा गाळूं नये. सदाचरणास ताबडतोब बक्षीस मिळतें असें शिकविलेलें मूल पहिल्याच अनुभवानें खचतें.

रणांगणावरच्या धैर्यास तर या भागांत दूर जावें लागत नाहीं. रोह्याला लागून असलेल्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला; त्यांच्याखेरीज सर्व जण पडले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढें धांवले, हातबाँबनें तोफ बंद पाडली, गोळ्या भरण्यास अवधि नव्हता तेव्हां बंदूक नळीकडून धरून शत्रूवर तुटून पडले, आणि शेवटीं लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं कोसळले. वय अवघें बावीस. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. असें धैर्य शिकवितां येतें असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. मागें पडलेल्या सोबत्यांचें आपण कांहीं लागतों, ही भावना मात्र शिकवितां येते, आणि ती छावणींत, एका ताटांत जेवतांना शिकविली जाते.

याच जिल्ह्यांत शस्त्र न धरणाऱ्या सैनिकाचाही विचार जन्मला, म्हणजे तो करणारा पुरुष जन्मला. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं झाला. १९५७ सालीं त्यांनीं शांतिसेना उभी केली. दंगा पेटेल तेथें निःशस्त्र उभें राहावें, प्रसंगीं प्राण द्यावा पण घेऊं नये, अशी तिची शिकवण. अशा सैनिकास शिस्त कमी लागेल असें वाटतें, पण उलट आहे. शस्त्रधाऱ्यास निदान शस्त्राचा आधार असतो. विनोबांचें स्वतःचें शिक्षण कोठें झालें? अंगणांतला फणस पिकला कीं आई आधीं द्रोण भरून शेजाऱ्यांकडे पोंचवावयास लावी आणि मग जवळ बसवून गरे खावयास देई, ही आठवण त्यांनीं सांगून ठेविली आहे. पुनः फणसच! अमात्यांनीं जो तोडूं दिला नाहीं तोच.

रोह्यास धावीरमहाराजांची पालखी नवरात्र-दसऱ्याच्या उत्सवांत निघते तेव्हां सशस्त्र पोलीस मानवंदना देतात. गांवचीं लहान मुलें खांद्यावर बसून तो सोहळा पाहतात, आणि शस्त्राशीं त्यांची पहिली ओळख होते ती नमस्कार करणाऱ्या शस्त्राशीं. पुढें त्यांतला एखादा बेळगांवच्या मैदानावर आपापल्या धर्मग्रंथांच्या व राष्ट्रध्वजाच्या साक्षीनें शपथ घेतो. रेजिमेंटचें ब्रीद कर्तव्य, मान आणि साहस असें आहे. साहस शेवटीं आहे हें बरें आहे.

अलीकडे या शिक्षणापुढें दोन नवे प्रश्न आले आहेत. एक सुखाचा. २०२२ पासून खडकवासल्यास मुलीही छात्र म्हणून घेतल्या जातात, आणि १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजीं तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. स्त्रीदाक्षिण्याचे पाठ देणें सोपें होतें. शेजारीं धांवणाऱ्या आणि प्रसंगीं पुढें जाणाऱ्या मुलीस बरोबरीची मानणें हा धडा अधिक अवघड, आणि मुलांस तो तेथें मिळत आहे. दुसरा प्रश्न काळजीचा. जून २०२२ मध्यें जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें शिपायाची भरती चारच वर्षांसाठीं होते, प्रशिक्षणाचा काळ त्यांतच येतो, आणि मुदतीनंतर शेंकडा २५ पर्यंतच सैन्यांत कायम होतात. पूर्वीचा शिपाई पंधरा-सतरा वर्षें पलटणींत मुरत असे. जुन्या सुभेदारांच्या सहवासांत न बोलतां पुष्कळ शिकत असे. आतां चारांतले तिघे पंचविशीच्या आगेमागें घरीं परतावयाचे. शस्त्रविद्या शिकलेला, कामधंदा शोधणारा तरुण गांवांत येईल तेव्हां त्याचें शील हाच गांवाचा बांध. सहा-सात महिन्यांच्या प्रशिक्षणांत तो किती उंच घातला जातो, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

म्हणून आरंभ शाळेंतच व्हावा लागतो, आणि त्याची सोय आहेही. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. शाळेच्या तुकडीवर नेमलेला अधिकारी बाहेरचा कोणी कप्तान नसतो. तो त्याच शाळेचा शिक्षक असतो, आणि नागपूरजवळ कामठीच्या प्रबोधिनींत प्रशिक्षण घेऊन येतो. आठवडाभर जो भूगोल शिकवितो तोच परेडच्या दिवशीं गणवेषांत उभा राहतो. मुलें त्याला दोन्ही वेषांत पाहतात, आणि मुलांच्या नजरेंतून कांहीं सुटत नाहीं. परेड संपल्यावर छात्रांस सरकारखर्चानें अल्पोपाहार मिळतो. मैदानावर मुलें किती होतीं, पुड्या किती आल्या आणि वहींत आंकडा किती लिहिला, याचा हिशेब रांगेंतला सर्वांत मागचा मुलगा खातां-खातां मनांत करीत असतो.